मधला हिरवा

तीन आठवडे आम्ही मासे नासवत होतो
महापेला, पाचव्या मजल्यावर, एसीत बसून.
वास नाही, माशी नाही.

दिवाळ्याच्या बाजारात पहाटे काढलेले फोटो,
यंत्राला शिकवायचं होतं एवढंच :
हा ताजा, हा शिळा.
आणि यंत्र दर सुरमईला शिळी म्हणायचं,
होडीतून उतरून तासही न झालेल्या
जिताड्यालासुद्धा.

काय काय तपासलं!
काही फोटोंना चौथा थर होता,
नुसत्या पारदर्शकतेचा,
तो खवल्यांसारखा तासून काढला.
काही जुन्या कॅमेऱ्याचे, काळेपांढरे, एकाच थराचे;
तोच थर तीनदा रचला एकावर एक,
जसं एकट्यानेच तिघांच्या सह्या कराव्यात.
दोनशे पंचावन्नाने भागून
सगळे आकडे शून्य ते एकमध्ये बसवले.
सगळं जागच्या जागी.
मासे शिळेच.

पहिल्या दिवशी शंभर फोटो मी स्वतः पाहिले होते,
शपथेवर सांगते.
नेमकी सगळी पापलेटं निघाली, बर्फावर आडवी.
रुपेरी, राखाडी,
तिन्ही थरांत जवळजवळ सारखाच आकडा.
उलटं वाचा, सुलटं वाचा,
पापलेट ते पापलेटच.
त्या दिवशी बांगडा आला असता
तर एवढी वेळ आली नसती.
टब नारिंगी दिसले, असतील नारिंगी.
पुढे हात निळे दिसले,
आम्ही म्हटलं, हातमोजे. बरंय, स्वच्छता वाढली.

कल्ला लाल तर ताजा, रंग उडाला तर शिळा,
एवढाच नियम लिहून दिला होता मुलांना.
निळ्या कल्ल्याचं त्यात काही नव्हतं.
मुलं शहाणी, त्यांनी शिळा लिहिलं,
तीन हजार आठशे चाळीस वेळा.

मग कोपरखैरण्याहून, घरी बसून काम करणाऱ्या
हेमांगी नाखवाने
शेऱ्याच्या रकान्यात, जिथे कोणी काही लिहीत नाही,
लिहिलं :
ही माझी चांगुणाआत्या आहे.
आत्या हातमोजे घालत नाही.
मोज्यांवरून बांगड्या कोण भरतं?

फोटो उघडला.
निळा हात. निळं कुंकू, कपाळाच्या कडेला अर्धंच आलेलं.
आणि मनगटात हिरवा चुडा,
हिरवागार,
जसा असतो तसा.

मग कळलं. फोटो वाचणारा कोड
निळा, हिरवा, लाल म्हणत होता,
दाखवणारा ऐकत होता
लाल, हिरवा, निळा.
एकही आकडा खोटा नव्हता.
रांगेत पहिला शेवटी गेला होता, शेवटचा पहिला,
मधला तेवढा
जागचा हलला नव्हता.

दुरुस्ती एका ओळीची. लिहायला दहा सेकंद लागले,
आणि मग बराच वेळ मी काहीच लिहिलं नाही.
पडद्यावर रक्त परत येत होतं,
एकेका कल्ल्यात, एकेका कुंकवात,
आत्याच्या तळहातावरच्या जुन्या चिरेतसुद्धा,
आणि टब मुकाट्याने निळे झाले.

हेमांगीला फोन केला. आभार मानले.
ती म्हणाली, सगळे पुन्हा बघायचे ना?
मग पैसेपण पुन्हा.
तेही बरोबरच होतं.

शनिवारी दिवाळ्याला गेले.
मी काही बोलायच्या आधीच
आत्याने सुरमईचा कल्ला अंगठ्याने उचलला,
"बग. निला हाय का?"
म्हणजे घरी सगळं सांगून झालं होतं.
हसली नाही. डोळ्यावर बोट ठेवलं माशाच्या,
"आनि नुसता रंग काय बगतंस,
डोला बग, दाबून बग."

डोळ्याचा रकाना आमच्याकडे नाही.
दाबण्याचा तर नाहीच.
मी दाबून पाहिलं.
बोटाचा खळगा लगेच भरून आला.